महागाईच्या तोंडातून गुंतवणूक कशी वाचवायची

नव्याने गुंतवणूक करणाऱ्याला महागाईचा तोटा दिसत नाही, कारण खात्यातला आकडा कधी कमी होत नाही. एक लाख ठेवले, वर्षाअखेरीस एक लाख सात हजार झाले. पैसे वाढले असंच वाटतं. त्या पैशात आता काय काय येतं हे पासबुकात कुठे छापलेलं नसतं. म्हणूनच शेअर बाजार पाच टक्के पडला की झोप उडणारी माणसं, महागाईने दहा वर्षं पोखरलेली ठेव निर्धास्तपणे पुढच्या मुदतीला लावतात.

हा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो: "मग घेऊ काय? सोनं? शेअर? घर?" माझ्या मते हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न, कोणता पैसा कधी लागणार आहे. ते ठरलं की त्या पैशाला महागाईपासून किती जपायचं आणि कशाने जपायचं, हे बरंचसं आपोआप ठरतं. ते न ठरवता महागाईच्या भीतीने केलेली खरेदी महागाईपेक्षा जास्त नुकसान करून जाते. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

पायरी १: खरा परतावा काढायला शिका

कागद घ्या आणि हे एकदा हाताने करा. १०० ची ठेव, व्याज ७ टक्के, महागाई ६ टक्के. वरवर पाहता आपण एक टक्का पुढे आहोत. आता कर धरा. समजा तुमच्या व्याजावर २० टक्के कर लागतो. ७ मधले १.४० गेले, हातात राहिले १०५.६०. गेल्या वर्षी १०० ला मिळणाऱ्या वस्तू आता १०६ ला मिळतात. १०५.६० ला १०६ ने भागलं की ०.९९६ येतात. म्हणजे एक टक्का पुढे असल्यासारखी दिसणारी ठेव प्रत्यक्षात जवळपास ०.४ टक्के मागे आहे.

आता हाच हिशेब महागाई कमी असताना करून बघा. व्याज ३ टक्के, महागाई २ टक्के, फरक तोच एक टक्का. कर गेला ०.६०, राहिले १०२.४०. १०२ ने भागलं तर जवळपास ०.४ टक्के फायदा. वरचा फरक सारखाच, तरी एकीकडे तोटा आणि दुसरीकडे फायदा. असं का होतं? तर कर संपूर्ण व्याजावर लागतो. त्या व्याजाचा मोठा भाग केवळ महागाईची भरपाई असला, तरी करखात्याच्या दृष्टीने ते तुमचं उत्पन्नच. महागाई चढते तसा खऱ्या अर्थाने न कमावलेल्या पैशावरही कर भरावा लागतो. दोन योजनांची तुलना करताना जाहिरातीतला दर बाजूला ठेवा. कर वजा करून आलेल्या आकड्याला महागाईने भागा, आणि तोच आकडा शेजारी शेजारी मांडा.

खर्चालाही हेच लागू आहे. एखादा फंड खर्च वजा जाण्याआधी ९ टक्के कमावतो आणि महागाई ६ टक्के आहे. खरा परतावा साधारण २.८ टक्के. फंडाने वर्षाला दीड टक्का खर्च कापला तर तुमच्याकडे ७.५ टक्के येतात आणि खरा परतावा १.४ टक्क्यांवर उतरतो. दीड टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण त्याने खऱ्या कमाईतला निम्मा भाग नेला. महागाई किती राहावी हे आपल्या हातात नाही; कोणत्या खर्चाची योजना घ्यावी हे आहे.

झटपट अंदाजासाठी ७२ ला महागाईच्या दराने भागा. ६ टक्क्यांनी बारा वर्षांत पैशाची किंमत निम्मी होते, ३ टक्क्यांनी चोवीस वर्षांत. विमा आणि बचत एकत्र विकणाऱ्या योजनांमध्ये "२५ वर्षांनी एक कोटी" असं ऐकलं की हा हिशेब लगेच करा. वर्षाला ६ टक्के महागाई धरली तर २५ वर्षांनंतरच्या एक कोटीची आजच्या भावातली किंमत २३ लाखांच्या आसपास भरते. आकडा खोटा नसतो, फक्त तो आजच्या पैशात सांगितलेला नसतो.

पायरी २: स्वतःची महागाई मोजा

सरकार जाहीर करतं तो महागाईचा दर सरासरी कुटुंबाच्या टोपलीचा असतो. त्या टोपलीत अन्न, घरभाडं, इंधन, कपडे, औषधोपचार, शिक्षण यांना ठरावीक वजन दिलेलं असतं. तुमच्या घरचं वजन तसंच असेल असं नाही. स्वतःच्या घरात राहणाऱ्या निवृत्त जोडप्याला भाडेवाढ लागत नाही, पण औषधांची दरवाढ जोरात लागते. दोन मुलं शाळेत असलेल्या भाडेकरू कुटुंबाचं उलटं.

गेल्या वर्षभराची खात्याची विवरणं काढा आणि खर्चाचे पाच-सहा गट पाडा. एक उदाहरण घेऊ. एकूण खर्चात भाडं ३० टक्के आणि ते ८ टक्क्यांनी वाढलं. खाणंपिणं २५ टक्के, वाढ ५. शिक्षण २० टक्के, वाढ १०. प्रवास १५ टक्के, वाढ ४. उरलेला खर्च १० टक्के, वाढ ३. वजन गुणिले वाढ अशी बेरीज केली की २.४ अधिक १.२५ अधिक २ अधिक ०.६ अधिक ०.३, म्हणजे ६.५५ टक्के. ही त्या घराची महागाई. जाहीर दर ५ टक्के असेल तर या घराने ५ धरून केलेलं नियोजन पहिल्या दिवसापासून कमी पडणार. एका वर्षाच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. भाडं एखाद्या वर्षी एकदम वाढतं आणि मग दोन वर्षं स्थिर राहतं. दोन-तीन वर्षांची सरासरी जास्त भरवशाची.

लांबच्या ध्येयांना तर त्या त्या गोष्टीचा दर लावायलाच हवा. आज १० लाख लागणारं शिक्षण बारा वर्षांनी ६ टक्के दराने २० लाखांवर जाईल. फी वर्षाला १० टक्क्यांनी वाढत असेल तर ३१ लाखांवर. सरसकट एकच दर लावणाऱ्याला हा ११ लाखांचा खड्डा शेवटच्या वर्षापर्यंत दिसत नाही.

पायरी ३: पैशाचे तीन ढीग करा

हीच या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची पायरी.

त्याआधी एक काम: महागडं कर्ज असेल तर ते फेडा. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर जे व्याज चढतं, तेवढा परतावा कोणतीही गुंतवणूक खात्रीने देत नाही. ते देणं अंगावर ठेवून महागाईशी लढायला निघण्यात अर्थ नाही.

पहिला ढीग अडीअडचणीचा आणि येत्या वर्ष-दोन वर्षांत नक्की लागणाऱ्या पैशाचा. तो बचत खात्यात, छोट्या मुदतीच्या ठेवीत किंवा अल्प मुदतीच्या सरकारी हुंड्यांमध्ये राहू द्या. हा पैसा महागाईला थोडा हरणार आहे, हे मान्य करून टाका. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवला आणि तो वर्षाला एक-दोन टक्के मागे पडला, तर ती नोकरी जाण्याच्या किंवा दुखण्याच्या प्रसंगाची विम्याची किंमत समजायची. नवे लोक नेमक्या याच ढिगाला "महागाई पैसा खातेय" म्हणून हात घालतात आणि तो शेअरमध्ये टाकतात. मग गरज पडते ती बाजार पडलेला असताना. एक गोष्ट मात्र दरवर्षी करायची: खर्च वाढला तसा हा ढीग वाढवायचा. पाच वर्षांपूर्वीच्या खर्चावर बेतलेला सहा महिन्यांचा निधी आज साडेचार महिनेच पुरतो.

दुसरा ढीग साधारण तीन ते सात वर्षांत लागणाऱ्या पैशाचा. तिसरा त्यापलीकडचा. महागाईची खरी मार तिसऱ्या ढिगाला बसते, कारण तिला वर्षं मिळतात. आणि चढउतार सोसायलाही हाच ढीग सगळ्यात योग्य, कारण वर्षं त्यालाही मिळतात.

पायरी ४: दुसऱ्या ढिगासाठी ठेवींची शिडी

महागाईबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. सगळ्यांना अपेक्षित असलेली महागाई व्याजदरात आधीच धरलेली असते. मारते ती अनपेक्षित महागाई. २०२० मध्ये अनेक प्रगत देशांत व्याजदर शून्याच्या आसपास होते आणि लोकांनी त्याच दरांवर लांब मुदतीचे रोखे (सरकारला किंवा कंपनीला दिलेल्या कर्जाचे कागद) घेतले. त्यानंतर जून २०२२ मध्ये अमेरिकेत महागाई ९.१ टक्क्यांवर आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये ११.१ टक्क्यांवर पोचली. ज्यांचे पैसे लहान मुदतीत होते, त्यांना ठेव पिकताच नवा वाढीव दर मिळू लागला. लांब मुदतीत अडकलेले जुन्याच दरावर बसून राहिले.

त्यामुळे सगळी रक्कम एकाच मुदतीला बांधू नका. चार सारखे भाग करा. एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं आणि चार वर्षं अशा मुदतींना लावा. पहिली ठेव पिकली की ती पुन्हा चार वर्षांसाठी ठेवा. दुसऱ्या वर्षी दुसरी, तसंच. तीन वर्षांनी सगळ्या ठेवी चार वर्षांच्या होतात, तरी दर वर्षी एक हातात येते. दर वाढले तर दरवर्षी पाव हिस्सा नव्या दराला लागतो, उतरले तर तीन चतुर्थांश जुन्या चांगल्या दरावर राहतो. दर कुठे जाणार याचं भाकीत करण्याची गरजच उरत नाही.

मधेच दर खूप वाढले तर जुनी ठेव मोडून नवी करावी का? बऱ्याच बँका ठेव मोडताना ती जितके दिवस राहिली तेवढ्या मुदतीचा दर देतात आणि वर दंड कापतात. हे दोन्ही वजा करून उरलेल्या मुदतीतलं जादा व्याज जास्त भरत असेल, तरच मोडा.

पायरी ५: रोखे घेताना मुदत आधी बघा

सरकारी रोखा सुरक्षित असतो तो मुद्दल परत मिळण्याच्या अर्थाने. त्या मुद्दलात काय येईल याची हमी त्यात नसते. १९२३ मध्ये जर्मनीत महागाई इतकी भडकली की नोव्हेंबरपर्यंत एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. आयुष्याची पुंजी रोख्यांत ठेवलेल्या मध्यमवर्गाला ठरल्याप्रमाणे मार्क मिळत होते, पण त्यात काही येत नव्हतं. अशी वेळ क्वचित येते. सौम्य रूपात मात्र हेच अनेकदा घडतं.

दहा वर्षांचा, वर्षाला ५ टक्के व्याज देणारा रोखा तुम्ही १०० ला घेतला. महागाई वाढली, मध्यवर्ती बँकेने दर चढवले आणि बाजारात आता तसाच नवा रोखा ७ टक्के देतो. तुमचा ५ टक्क्यांचा रोखा १०० ला कोण घेईल? गणित केलं तर त्याची किंमत ८६ च्या आसपास येते. व्याजदर दोन टक्के वाढला आणि रोख्याची किंमत १४ टक्के उतरली. तोच रोखा दोन वर्षांचा असता तर घट चार टक्क्यांहून कमी राहिली असती. रोखे फंड घेतानाही हेच तपासा. माहितीपत्रकात ड्युरेशन नावाचा आकडा असतो. तो ८ असेल तर दर एक टक्का वाढल्यावर फंड साधारण आठ टक्के उतरेल असं धरा. "कर्जरोखे फंड म्हणजे सुरक्षित" एवढ्या वाक्यावर सही करू नका.

पायरी ६: महागाईशी जोडलेले रोखे

ही कल्पना फार जुनी आहे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात कागदी चलनाची किंमत कोसळली तेव्हा मॅसॅच्युसेट्सने १७८० मध्ये सैनिकांना पगारापोटी असे कागद दिले, ज्यांची परतफेड पाच बुशेल (धान्याचं एक माप) मका, ६८ पौंडांहून थोडं अधिक गोमांस, १० पौंड लोकर आणि बुटांच्या तळाचं १६ पौंड चामडं यांच्या भावावर ठरणार होती. आजचा महागाईचा निर्देशांक ही त्याच टोपलीची मोठी आवृत्ती. ब्रिटनने असे आधुनिक रोखे १९८१ मध्ये काढले, अमेरिकेने जानेवारी १९९७ मध्ये. इतरही अनेक देशांत ते मिळतात. तुमच्याकडे सामान्य गुंतवणूकदाराला थेट घेता येतात का, हे बघा.

चालतात कसे? मुद्दल १००, व्याज २ टक्के. वर्षभरात महागाई ५ टक्के झाली तर मुद्दल १०५ होतं आणि व्याज त्यावर, म्हणजे २.१० मिळतं. मुद्दल महागाईबरोबर चढत जातं आणि मुदत संपली की चढलेलं मुद्दल हातात येतं. उलट भाव उतरले तर? अमेरिकेच्या रोख्यांत मुदतीअंती मूळ मुद्दलापेक्षा कमी मिळत नाही. ब्रिटनच्या रोख्यांत अशी हमी नाही. घेण्याआधी आपल्या रोख्याची ही अट वाचा.

साधा रोखा घ्यावा की हा, हे ठरवायला एक सोपी वजाबाकी आहे. सारख्याच मुदतीचा साधा रोखा ६.५ टक्के देतो आणि महागाईशी जोडलेला महागाई अधिक २ टक्के देतो. फरक ४.५. पुढच्या काळात सरासरी महागाई साडेचार टक्क्यांच्या वर राहिली तर दुसरा फायद्याचा, खाली राहिली तर पहिला. पण हा फरक नेमका कुठे जाईल यावर डोकं शिणवण्यापेक्षा, अनपेक्षित धक्क्यापासून संरक्षण म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगाचा एक भाग इथे ठेवणं मला शहाणपणाचं वाटतं.

यात एक फसगत आहे आणि २०२२ मध्ये पुष्कळांची ती झाली. महागाई कडाडलेली असतानाही महागाईशी जोडलेल्या लांब मुदतीच्या रोख्यांचे भाव पडले. ब्रिटनमध्ये तर फारच जोरात. कारण मध्यवर्ती बँकांनी दर इतके चढवले की महागाई वजा जाता मिळणारा दरही वाढला, आणि जुन्या रोख्यांची किंमत उतरली. मुदत संपेपर्यंत थांबणाऱ्याला ठरल्याप्रमाणे मिळतं. मधे विकणाऱ्याला, किंवा लांब मुदतीचा फंड घेणाऱ्याला, त्या दिवशीचा भाव मिळतो. म्हणून पैसा ज्या वर्षी लागणार त्याच्या आसपास मुदत संपणारा रोखा निवडा. शिवाय काही देशांत मुद्दलात झालेल्या वाढीवर ती हातात येण्याआधीच दरवर्षी कर लागतो. असे रोखे करसवलतीच्या खात्यात ठेवता येत असतील तर तिथेच ठेवलेले बरे.

पायरी ७: तिसऱ्या ढिगासाठी शेअर, पण डोळे उघडे ठेवून

दीर्घकाळात शेअर महागाईच्या पुढे जातात, हे अनेक देशांच्या इतिहासात खरं ठरलं आहे. कंपनी वस्तू विकते आणि भाव वाढले की तिची विक्रीही आकड्यात वाढते, हे त्यामागचं साधं कारण. पण "शेअर म्हणजे महागाईवरचं औषध" हे वाक्य अर्धवट आहे, आणि नव्या माणसाला हे कोणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

फेब्रुवारी १९६६ मध्ये अमेरिकेचा डाऊ जोन्स (तिथल्या मोठ्या कंपन्यांच्या शेअरभावांचा निर्देशांक) ९९५ वर बंद झाला. ऑगस्ट १९८२ मध्ये तो ७७७ वर होता. सोळा वर्षं गेली, आणि त्या काळात तिथले भाव तिप्पट झाले. लाभांशाने काही हातभार लावला, पण महागाईची भरपाई झाली नाही. असं का होतं? महागाई अचानक चढली की कच्चा माल आणि पगार आधी वाढतात, विक्रीचे भाव मागून. जुन्या यंत्रांचा घसारा (झिजेपोटी नफ्यातून वजा होणारी रक्कम) जुन्या किमतीवर धरला जातो, म्हणून नफा फुगलेला दिसतो आणि त्या फुगलेल्या नफ्यावर कर भरावा लागतो. नवं यंत्र मात्र नव्या भावात घ्यावं लागतं. वर व्याजदर चढले की गुंतवणूकदार त्याच नफ्याला कमी किंमत देतात. १९८२ नंतर बाजार अनेक वर्षं चढत राहिला आणि टिकून राहिलेल्यांचं नुकसान भरून निघालं. पण पाच वर्षांत पैसा लागणाऱ्याला तेवढा वेळ नव्हता.

यातून करायच्या गोष्टी निघतात. सात-दहा वर्षांत लागणार नाही असाच पैसा इथे ठेवा. एकाच देशाच्या, एकाच क्षेत्राच्या शेअरांत अडकू नका. कमी खर्चाचा व्यापक निर्देशांक फंड (निर्देशांकातले सगळे शेअर घेऊन ठेवणारा) नव्या माणसाला पुरेसा आहे. त्यातला काही भाग परदेशी बाजारात असू द्या, कारण घरचं चलन घसरल्यामुळे भडकणारी महागाई घरच्या गुंतवणुकीने नीट भरून निघत नाही. स्वतः शेअर निवडणार असाल तर एक प्रश्न विचारा: या कंपनीने भाव दहा टक्के वाढवले तर गिऱ्हाईक टिकेल का? टिकत असेल, नवी यंत्रं घ्यायला सतत पैसा ओतावा लागत नसेल आणि बदलत्या दराचं कर्ज फार नसेल, तर ती महागाईत तग धरते.

आणि दरमहा ठरावीक रक्कम गुंतवत असाल तर ती दरवर्षी वाढवा. महिन्याला १०,००० हीच रक्कम वीस वर्षं चालू ठेवली आणि महागाई ६ टक्के राहिली, तर विसाव्या वर्षीचा हप्ता आजच्या भावात ३,३०० इतकाच भरतो. शिस्त पाळली, बचत मात्र दरवर्षी थोडी थोडी कमी होत गेली. पगारवाढीच्या महिन्यातच हप्ता किमान महागाईइतका वाढवून टाका, नंतर आठवण राहत नाही.

पायरी ८: सोनं, घर आणि कर्ज

सोन्याबद्दल लोकांच्या भावना पक्क्या असतात, म्हणून दोन तारखा सांगतो. ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेने ३५ डॉलरला एक औंस हा बांधलेला भाव सोडला आणि जानेवारी १९८० मध्ये सोनं ८५० डॉलरपर्यंत गेलं. त्या दशकात महागाईही भडकलेली होती, म्हणून सोनं म्हणजे महागाईची ढाल ही समजूत पक्की झाली. पण ज्याने जानेवारी १९८० मध्ये घाबरून ८५० ला घेतलं, त्याला १९९९ च्या उन्हाळ्यात औंसामागे २५० डॉलरच्या आसपास मिळाले असते. तोवर अमेरिकेतले भाव दुपटीहून वर गेले होते. चलनावरचा विश्वास उडतो तेव्हा सोनं कामी येतं, यात शंका नाही. वर्षावर्षाच्या महागाईशी ते पावलाला पाऊल जुळवत नाही, त्याला व्याज नाही, लाभांश नाही. एकूण गुंतवणुकीच्या पाच ते दहा टक्क्यांत ठेवा, तेही बातम्या तापलेल्या नसताना थोडं थोडं घेऊन.

आभासी चलनांना काही लोक "डिजिटल सोनं" म्हणतात. महागाई चाळीस वर्षांच्या उच्चांकावर असलेल्या २०२२ मध्येच बिटकॉइनची किंमत निम्म्याहून खाली आली. त्या भरवशावर महागाईचं संरक्षण उभं करू नका.

राहतं घर महागाईविरुद्ध चांगलं काम करतं, कारण भाडेवाढ कायमची थांबते. दुसरं घर गुंतवणूक म्हणून घेणं ही वेगळी गोष्ट आहे. दुरुस्ती, कर, रिकामे महिने वजा करून खरा परतावा काढा. शिवाय अडचणीच्या वेळी घराची एक खोली तेवढी विकता येत नाही.

कर्जाच्या बाबतीत महागाई उलटी चालते. व्याजदर कायमचा बांधलेला असेल तर हप्ता तोच राहतो, उत्पन्न महागाईबरोबर वाढतं आणि हप्त्याचं ओझं वर्षागणिक हलकं होतं. असं कर्ज घाईने फेडण्यापूर्वी विचार करा. बदलत्या दराच्या कर्जात हा फायदा नाही. महागाई वाढली की हप्ता किंवा मुदत वाढणार. घर घेताना बँकेला स्पष्ट विचारा की दर किती वर्षं बांधलेला आहे. "सुरुवातीला फिक्स्ड" असं उत्तर आलं तर सुरुवात कधी संपते हे कागदावर दाखवायला सांगा.

पायरी ९: निवृत्तीचा आकडा फुगवून मग ठरवा

आज महिन्याचा खर्च ४०,००० असेल तर ६ टक्क्यांनी वीस वर्षांनी तोच खर्च १,२८,००० होतो. आणि निवृत्तीच्या दिवशी महागाई थांबत नाही, तिथून पुढे अजून पंचवीस-तीस वर्षं ती चालूच असते. म्हणून आयुष्यभर ठरावीक रक्कम देणारं निवृत्तिवेतन घेताना ती रक्कम दरवर्षी वाढते का, हे आधी विचारा. वाढणारं निवृत्तिवेतन सुरुवातीला बरंच कमी मिळतं आणि विक्रेते सहसा मोठा पहिला आकडाच पुढे करतात. साठीला भरपूर वाटणारी स्थिर रक्कम बहात्तराव्या वर्षी निम्म्या मोलाची राहते, आणि त्या वयात उत्पन्न वाढवायला दुसरा मार्ग नसतो. निवृत्त झाल्यावर सगळे पैसे ठेवीत टाकण्याचा सल्ला प्रेमापोटी दिला जातो; तरी पहिल्या दहा वर्षांत न लागणारा भाग शेअर आणि महागाईशी जोडलेल्या रोख्यांत राहायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

पायरी १०: वर्षातून एक दिवस

वर्षातला एक ठरावीक दिवस निवडा, शक्यतो करविवरण भरण्याच्या आसपासचा, कारण कागद तेव्हा हाताशी असतात. घरची महागाई पुन्हा काढा. पहिला ढीग नव्या खर्चाला पुरतो का बघा. तिसऱ्या ढिगातलं जे ध्येय आता सात वर्षांच्या आत आलं, त्याचा पैसा हळूहळू दुसऱ्या ढिगात आणा. सोन्याचा किंवा शेअरचा हिस्सा ठरवलेल्या प्रमाणाच्या फार वर गेला असेल तर आधी नवी बचत दुसरीकडे वळवून तो खाली आणा. विक्री केली की कर लागतो, म्हणून ती शेवटचा उपाय ठेवा.

मधल्या काळात महागाईचा जाहीर आकडा भडकला आणि कोणी "महागाईला हमखास हरवणारी" योजना घेऊन आलं, तर त्याला तीन प्रश्न विचारा: हमी कोणाची, कर आणि खर्च वजा जाता किती, आणि मला पैसा ज्या वर्षी हवा आहे त्या वर्षी तो दंड न भरता काढता येईल का. उत्तरं लेखी मागा. लेखी आली नाहीत तर पुढच्या वर्षीच्या त्या दिवसापर्यंत थांबा.